तीन, पण तीन काय?

आपण मराठी माणसे बाजारात गेलो की नकळत एक मोठे शास्त्र वापरत असतो. मेथीची जुडी मागतो, लसणाचा गड्डा मागतो, केळ्यांची फणी मागतो, गुळाची ढेप उचलतो. मासळीबाजारात कोलंबीचा वाटा असतो, कापडाच्या दुकानात तागा असतो, कागदवाल्याकडे दस्ता असतो. मेथीची ढेप कुणी म्हणत नाही आणि लसणाची फणी कुणी मागत नाही. हे शाळेत कुणी शिकवलेले नसते. आईचे बोट धरून मंडईत फिरताना ते आपोआप अंगवळणी पडते.

आता अशी कल्पना करा, की हा नियम फक्त भाजीबाजारापुरता नाही. घरातली मांजर, टेबलावरचे पुस्तक, खिशातले तिकीट, दारातली गाडी, अंगणातले झाड आणि आलेला पाहुणा यांतले काहीही मोजायचे म्हटले, की त्याच्या जातीचा एक शब्द आकड्यामागे लावायलाच हवा. नुसते 'तीन' म्हणून भागणार नाही. तीन, पण तीन काय? तीन शेपटीवाले, तीन पानांचे, की तीन मानाचे? कोरियन भाषा बोलणाऱ्याला हा प्रश्न दिवसातून शंभर वेळा सोडवावा लागतो, आणि तो सोडवतोय हे त्याच्या गावीही नसते.

माझा आणि कोरियन भाषेचा संबंध तसा उतारवयातला. बत्तीस वर्षे मी एका बँकेत रोखपाल होतो. मोजणे हेच माझे काम. नोटा मोजल्या, नाणी मोजली, रांगेतली माणसेही मोजली. निवृत्तीनंतर आणि पत्नीच्या निधनानंतर मुलीने मला आपल्याकडे बोलावून घेतले. ती, जावई आणि सहा वर्षांची नात दक्षिण कोरियातल्या सुवॉन शहरात राहतात. सेऊलच्या दक्षिणेला, लोकलने तासाभराच्या अंतरावर. मुलगी म्हणाली, "बाबा, दिवसभर घरात बसून राहण्यापेक्षा भाषेच्या वर्गाला जा. परदेशी लोकांसाठी इथे फुकट वर्ग असतात." गेलो. वर्गात व्हिएतनामच्या दोन सुना, उझबेकिस्तानचा एक कामगार, फिलिपाइन्सची एक परिचारिका आणि मी. सगळ्यांत वडील अर्थातच मी.

लिपीने फार त्रास दिला नाही. राजा सेजोंग याने 1443 साली ही लिपी तयार करवली आणि 1446 मध्ये ती लोकांपुढे ठेवली. सामान्य माणसाला वाचता यावे हाच तिच्यामागचा हेतू. आज तिची मूळ अक्षरे फक्त 24 आहेत. बाराखडी घोकलेल्या माणसाला ती आठवड्याभरात वाचता येते. खरी परीक्षा सुरू झाली ती चौथ्या धड्यापासून. त्या धड्याचे नाव होते 'मोजू या'.

दोन गणत्या

पहिली गंमत अशी, की कोरियन माणसाकडे आकड्यांचे एक नव्हे, दोन संच आहेत. एक त्यांचा स्वतःचा, देशी: हाना, दुल, सेत, नेत, दासॉत, यॉसॉत, इल्गोप, यॉदॉल, आहोप, यॉल. दुसरा शेकडो वर्षांपूर्वी चिनी अक्षरांबरोबर आलेला: इल, ई, साम, सा, ओ, युक, छिल, फाल, गू, शिप. दोन्ही रोजच्या वापरात आहेत, आणि कुठे कोणता वापरायचा हे ठरलेले आहे.

ढोबळ नियम असा. हाताने दाखवता येईल असे मोजायचे असेल तर बहुधा देशी आकडे. सफरचंदे, माणसे, पेले, मांजरी, वय. कागदावरचा हिशेब असेल तर चिनी मुळाचे आकडे. तारीख, पैसे, मजला, फोन नंबर, बसचा क्रमांक. घड्याळात मात्र दोघांची वाटणी झालेली आहे. तास देशी आकड्यांनी सांगायचे आणि मिनिटे चिनी आकड्यांनी. तीन वाजून तीन मिनिटे झाली असतील तर 'से शी साम बुन'. एकाच वाक्यात तीनचा आकडा दोनदा आला, आणि दोन वेगळ्या रूपांत आला.

हे वाचून तुम्ही कपाळावर हात माराल. पण आपणही थोडेफार असेच करतो. घरी 'दोन' म्हणतो, तिथीला 'द्वितीया' म्हणतो. 'तीन' बोटे असतात, पण 'त्रि'कोण असतो आणि 'ति'हेरी पदर असतो. फरक एवढाच, की आपले संस्कृत आकडे शब्दांत मुरून बसले आहेत आणि कोरियन माणसाचे चिनी आकडे अजून सुटे फिरतात.

देशी आकडे आता नव्व्याण्णवपर्यंतच चालतात. शंभर आले की चिनी 'पेक' सुरू होतो. पूर्वी शंभराला 'ओन' आणि हजाराला 'जुमुन' असे देशी शब्द होते. ते गणतीतून गेले, पण ओन दुसऱ्या रूपात उरला. कोरियन माणूस आजही 'ओन प्रकारचे' म्हणतो, म्हणजे नाना प्रकारचे. आपल्या 'सतराशे साठ भानगडी' कुणी मोजून पाहिलेल्या नसतात, तसेच.

फोन नंबरातल्या शून्याला तिकडे 'गोंग' म्हणतात. त्याचे मूळ चिनी अक्षर म्हणजे 'रिकामे'. बौद्ध ग्रंथांचे चिनीत भाषांतर करणाऱ्यांनी आपल्या संस्कृत 'शून्यता' या शब्दासाठी हेच अक्षर योजले होते. सुवॉनमध्ये कुणी आपला मोबाइल नंबर सांगू लागला की सुरुवातच 'गोंग' अशी होते, आणि मला उगाच घरच्यासारखे वाटते.

यादीचे व्याकरण

आता वाक्याकडे येऊ. नवशिक्याला लागणारे पहिले वाक्य दुकानातले असते: 'साग्वा से गे जुसेयो.' साग्वा म्हणजे सफरचंद, से म्हणजे तीन, गे म्हणजे नग, आणि जुसेयो म्हणजे द्या. 'सफरचंद तीन नग द्या.' आधी वस्तू, मग आकडा, मग मोजशब्द, शेवटी क्रियापद.

हा क्रम आपल्याला परका नाही. आपल्या वाण्याच्या यादीचा तो क्रम आहे. 'साखर पाच किलो, गूळ एक ढेप, उदबत्ती दोन पुडे, नारळ चार नग.' आपण बोलताना 'चार नारळ' म्हणतो, पण यादी लिहिताना नारळ आधी येतो आणि चार मागून. कोरियन माणूस सदासर्वदा यादीच्या भाषेत बोलतो, एवढे लक्षात ठेवले की निम्मा धडा झाला. वर्गातल्या इतरांना हा क्रम दोन दिवस घोकावा लागला. मला वाण्याच्या यादीने तारले.

पुढची पायरी अशी, की मोजशब्दापूर्वी पहिले चार आकडे आखडतात. हानाचा हान होतो, दुलचा दू, सेतचा से, नेतचा ने. वीसचा स्मुल स्मू होतो. पाचपासून एकोणीसपर्यंत बहुतेकांना काही होत नाही. फक्त अकरा ते चौदामध्ये शेवटचा आकडा तसाच आखडतो. आपल्याकडे नाही का, दोन म्हणता म्हणता दुमजली होते आणि चार म्हणता म्हणता चौकट होते!

आणि मग येतात ते मोजशब्द. पुस्तकाला ग्वॉन. कागद, तिकीट, फोटो, नोट अशा पातळ चपट्या वस्तूंना जांग. बाटलीला ब्यॉंग, पेल्याला जान. गाडी, विमान, शीतकपाट, दूरचित्रवाणी संच या यंत्रांना दे. पशुपक्षी आणि मासे यांना मारी. फुलाला सोंगी, आणि द्राक्षाच्या घोसालाही सोंगीच. झाडाला गुरू! (हे एकदा ऐकले की विसरायला होत नाही.) बूट, मोजे, हातमोजे यांच्या जोडीला क्यॉल्ले. कपड्यांच्या जोडाला बॉल. पेन्सिल आणि सुरी यांना जारू. घराला छे, आणि पांघरायच्या रजईलाही छे. पत्र, फोन आणि कलिंगड या तिघांना मिळून थोंग. कलिंगड आणि पत्र एका रांगेत कसे बसले, हे मला अजून उलगडलेले नाही.

ज्याला काहीच आठवत नाही त्याच्यासाठी 'गे' आहेच. नग, डाग, जे म्हणाल ते. वस्तू असेल तर गे बहुतेक ठिकाणी चालून जातो. माणसाला आणि जनावराला मात्र तो चालत नाही.

हे सगळे का, असा प्रश्न वर्गातल्या परिचारिकेने विचारला. त्याचे उत्तर मला आपल्याच भाषेत सापडले. मराठीत 'सफरचंद' एक असते आणि 'सफरचंदे' अनेक होतात. शब्दाचे रूपच सांगते, की ही सुटी सुटी मोजायची गोष्ट आहे. पण 'पाणी', 'साखर', 'तूप' यांचे तसे नाही. 'तीन तूप' म्हणता येत नाही, तीन चमचे तूप म्हणावे लागते. कोरियन भाषेत जवळजवळ प्रत्येक नाम तुपासारखे वागते. 'साग्वा' म्हणजे एक सफरचंद नव्हे, सफरचंद नावाचा पदार्थ. त्यातून सुटे सुटे दाणे वेगळे काढायला चमचा लागतो, आणि तो चमचा म्हणजे हे मोजशब्द. म्हणूनच तिथे अनेकवचनाचा फारसा व्याप नाही. एक साग्वा, शंभर साग्वा, शब्द तोच.

जाता जाता एक योगायोग सांगतो. पाण्याला कोरियनमध्ये 'मुल' म्हणतात. 'मुल हान जान जुसेयो' म्हणजे एक पेला पाणी द्या. आमची नात हे वाक्य घरी म्हणाली, की तिच्या आईला प्रत्येक वेळी हसू येते.

मंडईतली मोजणी

सुवॉनच्या मध्यभागी जुन्या किल्ल्याची तटबंदी आहे. राजा जॉंगजो याने हा ह्वासॉंग किल्ला 1794 ते 1796 या काळात बांधला, आणि 1997 साली युनेस्कोने तो जागतिक वारसा म्हणून नोंदवला. रोखपालाच्या मनात भरावी अशी गोष्ट म्हणजे त्याची वही. बांधकामाचा संपूर्ण अहवाल 1801 मध्ये छापला गेला. कोणते सामान किती लागले, कोणत्या कारागिराने किती दिवस काम केले, हे सारे कारागिरांच्या नावांसकट त्यात लिहिलेले आहे. पुढे पडझड झाली, कोरियन युद्धात बरेच नष्ट झाले, आणि 1970 च्या दशकात त्याच वहीच्या आधाराने किल्ला पुन्हा उभा राहिला. नीट मोजून ठेवले, तर हरवलेलेही परत उभारता येते.

त्या किल्ल्याच्या फाल्दालमुन दरवाजाशी बाजार भरतो. तिथे गेले की धड्यातले मोजशब्द फिके पडतात. एका गृहिणीने बांगड्यासारख्या माशाचा 'सोन' मागितला. सोन म्हणजे हात. एका हातात मावतील असे दोन मासे, सहसा एक मोठा आणि एक लहान, एकमेकांत घातलेले. सुक्या पोलाक माशांचा 'ख्वे' वीसांचा. सुक्या माकुळीचा 'छुक' वीसांचा. लसणाचा 'जॉप' शंभराचा. समुद्रशेवाळाच्या पापडासारख्या पानांचा 'थोत' शंभराचा. सुयांचा 'स्साम' चोविसांचा, म्हणजे आपल्या कागदाच्या दस्त्याइतकाच. अंड्यांचा 'फान' म्हणजे ट्रे तीसांचा. त्यावरून तिकडची तरुण मंडळी वयाची तिशी गाठलेल्या मित्राला 'अंड्यांचा एक ट्रे झाला' म्हणून चिडवतात.

कोबीचा 'फोगी' हा तर साऱ्या देशाचा शब्द. थंडीच्या तोंडावर वर्षभराची किमची घालायचा जो सोहळा असतो, त्याला किमजांग म्हणतात. 2013 साली युनेस्कोने त्याची नोंद मानवजातीचा सांस्कृतिक वारसा म्हणून केली. आपल्याकडे उन्हाळ्यात शेजारणी 'यंदा किती किलोचे पापड?' असे विचारतात, तशा तिथल्या बायका नोव्हेंबरात विचारतात, 'यंदा किती फोगी?' आकड्यावरून घरात माणसे किती, पाहुणे किती, सून हाताशी आहे की नाही, सगळे कळते.

मापांवर सरकारची नजर तिकडेही पडली. 2007 च्या जुलैपासून व्यवहारात जमिनीचा 'फ्यॉंग' आणि सोन्याचा 'दोन' ही जुनी मापे वापरायला बंदी आली. फ्यॉंग म्हणजे 3.3 चौरस मीटर, दोन म्हणजे 3.75 ग्रॅम. कागद बदलले, तोंडे बदलली नाहीत. घर बघायला गेलेला माणूस आजही फ्यॉंगच विचारतो, जसे आपण गुंठा आणि तोळा सोडलेला नाही. त्यांची एक म्हणच आहे, की मणी तीन 'माल' असले तरी ओवल्याशिवाय त्यांचा दागिना होत नाही. माल हे धान्याचे जुने माप, सुमारे अठरा लिटरचे. आता धान्य कुणी मालाने मोजत नाही, पण म्हणीतले मणी अजून मालानेच मोजले जातात.

किती जण?

वस्तूंचे ठीक आहे. माणसे मोजायची वेळ आली की कोरियन भाषा सावरून बसते. साध्या माणसाला 'म्यॉंग', आदरणीय माणसाला 'बुन'. दोन विद्यार्थी असतील तर 'हाक्सेंग दू म्यॉंग', पण दोन शिक्षक असतील तर 'सॉन्सेंगनिम दू बुन'. मिनिटालाही बुनच म्हणतात हे मघाशी आलेच. तेव्हा 'से बुन' म्हणजे तीन सन्माननीय माणसे आणि 'साम बुन' म्हणजे तीन मिनिटे. देशी आकड्याचा आणि चिनी आकड्याचा फरक इथे खरा कळतो.

उपाहारगृहाच्या दारात पोरगी विचारते, "म्यॉत बुनिसेयो?" आपण कितीजण आहात? तिने बुन म्हणायचे, कारण तुम्ही तिचे पाहुणे. उत्तर देताना मात्र तुम्ही म्यॉंग म्हणायचे, कारण स्वतःचा मान स्वतः मोजायचा नसतो. एका शब्दात एवढी रीतभात! आपल्याकडे 'आपण' म्हणून विचारले जाते आणि 'आम्ही' म्हणून उत्तर येते, त्यातलाच हा प्रकार.

मराठीतही माणसांची मोजणी वेगळी आहे, हे मला सुवॉनला जाईपर्यंत कधी जाणवले नव्हते. आपण टेबले दोन म्हणतो, पण माणसे दोघे. खुर्च्या तीन, मुली तिघी. गाद्या चार, भाऊ चौघे. पाचापासून जण लावतो. आपल्या दोघे-दोघींत तर स्त्री-पुरुषही कळतात, ते कोरियन माणसाच्या म्यॉंगला जमत नाही. माणूस ही वस्तूंच्या रांगेत बसवायची गोष्ट नाही, हे दोन्ही भाषांनी आपापल्या परीने ठरवलेले आहे.

पण या मोजणीच्या सुरुवातीला एक शब्द असतो. दोघांच्या अलीकडचा. एकटा.

मुलगी-जावई कामावर आणि नात शाळेत गेल्यावर मी कधी कधी बाहेर जेवतो. दारात तोच प्रश्न येतो. 'हान म्यॉंग' म्हणायचे, म्हणजे एक जण. किंवा 'होन्जा' म्हणायचे, म्हणजे एकटा. व्याकरणाला दोन्ही चालतात. मी हान म्यॉंग म्हणतो. एक ही निदान मोजणीची सुरुवात आहे, तिच्यापुढे दोन येऊ शकतात. भाजलेल्या मांसाच्या पुष्कळ ठिकाणी एकट्या माणसाची पंचाईत होते, कारण तिथे कमीत कमी दोन माणसांचे जेवण मागवावे लागते. मी तिकडे फिरकत नाही. फाल्दालमुनजवळच्या कोंबडीच्या गल्लीत मात्र अख्खी तळलेली कोंबडी 'हान मारी' म्हणून मिळते. ती घरी बांधून न्यायची. संध्याकाळी चौघांना पुरते.

चौथ्या धड्याच्या शेवटी गृहपाठ होता. 'उरी गाजोगुन' म्हणजे 'आमच्या कुटुंबात', मग रिकामी जागा, आणि पुढे 'म्यॉंग इएयो', म्हणजे 'जण आहेत'. कोरियन माणूस 'माझे' फारसे म्हणत नाही. आई आमची, घर आमचे, देश आमचा. वाक्य चार शब्दांचे, आकडा फक्त भरायचा. मी पेन घेऊन बराच वेळ बसलो होतो. पुण्याच्या घरात आम्ही दोघे होतो. नंतर मी उरलो. मुलीचे कुटुंब तिघांचे. यांतला कोणता आकडा खरा?

नात वही बघायला आली. तिला प्रश्न पडण्याचे काही कारणच नव्हते. तिने बोट फिरवून मोजले. आईकडे हान म्यॉंग, बाबाकडे दू म्यॉंग, स्वतःकडे से म्यॉंग, आणि माझ्या छातीवर बोट टेकवून, ने म्यॉंग. मी 'ने' लिहिले. मग तिला विचारले, "मराठीत किती गं?" ती म्हणाली, "चार." मी म्हटले, "चार खुर्च्या. आपण चौघं." तिने तो शब्द दोन-तीनदा तोंडात घोळवला.

वीस दोन आणि बावीस

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आकडे शिकण्याच्या बाबतीत कोरियन मुलाचे आपल्या मुलापेक्षा बरे चालते. बावीस म्हणजे 'ई शिप ई', दोन दहा दोन. सत्त्याहत्तर म्हणजे 'छिल शिप छिल', सात दहा सात. दहापर्यंतचे आकडे आले की नव्व्याण्णवपर्यंतचे आपोआप येतात. आपल्याकडे सदुसष्ट वेगळे, सत्त्याहत्तर वेगळे, आणि एकोणऐंशी म्हणजे तर ऐंशीत एक कमी. 2019 साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस दोन' अशी वाचण्याची पद्धत आणली, तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले! जोडाक्षरांची भीती जावी आणि बोलण्याचा क्रम लिहिण्याशी जुळावा, हा त्यामागचा विचार. विरोधकांना वाटले, भाषेची मोडतोड होते आहे.

सुवॉनमध्ये नातीला दोन्ही बाजूंनी आकडे शिकताना पाहून मला वाटते, दोघांचेही थोडे बरोबर होते. हिशेबाला सोपा आकडा उपयोगी पडतो, यात शंका नाही. पण कोरियन लोकांनी सोपे चिनी आकडे आले म्हणून आपले अवघड देशी आकडे टाकून दिले नाहीत. वीस, तीस, चाळीस यांना त्यांच्याकडेही स्मुल, सॉरुन, माहुन अशी पाठच करावी लागणारी नावे आहेत, आणि वय सांगताना तीच लागतात. एक संच हिशेबाला, एक घराला. दोन्ही सांभाळता येतात.

वयाचा मोजशब्द आहे 'साल'. आपल्या सालाशी त्याचे नाते नाही, पण लक्षात ठेवायला सोपा. याच सालाचा तिथे मोठा घोळ होता. मूल जन्मले की एक सालाचे, आणि नव्या वर्षाला सगळ्यांचे वय एकदम वाढायचे. 31 डिसेंबरला जन्मलेले बाळ दुसऱ्या दिवशी दोन सालांचे! 28 जून 2023 पासून कायद्याने वाढदिवसावरून मोजलेले वय ग्राह्य धरले, आणि कागदोपत्री कित्येकांचे वय एक-दोन वर्षांनी कमी झाले.

मोठ्या रकमांत मात्र आपली आणि त्यांची गाठ पडत नाही. आपण हजारानंतर लाखावर जातो, ते दहा हजारांवर थांबतात. त्याला 'मान' म्हणतात. राजा सेजोंगचे चित्र असलेली नोट एका मानाची, म्हणजे दहा हजार वॉनची. आपला लाख म्हणजे दहा मान, आपला कोटी म्हणजे हजार मान. पण दहा हजाराला स्वतंत्र नाव आपल्याकडेही होते. संस्कृतात त्याला अयुत म्हणत. आपण ते सोडले, त्यांनी धरून ठेवले.

आता धरून ठेवण्याचाच प्रश्न दोन्हीकडे आहे. वर्गातल्या शिक्षिकाबाई सांगत होत्या, की तिथली मुले हल्ली कशालाही गे लावतात. पेन्सिलीला जारू कोण म्हणतो, सुयांचा स्साम कोण मागतो? सुया घरात आणतोच कोण? आपल्याकडेही मॉलमध्ये मेथी प्लास्टिकच्या पिशवीत वजनावर मिळते, आणि पोरे 'दोन पीस' म्हणून मोकळी होतात. वस्तू बदलल्या की शब्द जाणार, त्याबद्दल रडून उपयोग नाही. ढेपेचा गूळच घरात येत नसेल, तर ढेप हा शब्द किती दिवस टिकणार? पण माणसे तर घरात आहेतच. दोघी, तिघे, चौघे हे शब्द टिकवायला मंडई लागत नाही, जेवणाचे ताट मांडावे लागते.

पुण्याजवळ रांजणगाव आणि तळेगाव परिसरात कोरियन कंपन्यांचे कारखाने आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळांसाठी सुचवलेल्या परदेशी भाषांत कोरियनचे नाव आहे. मालिका पाहून आणि गाणी ऐकून ती शिकू पाहणारी मुले-मुली आता आपल्या प्रत्येक सोसायटीत दिसतात. त्यांच्या वहीत 'साग्वा से गे जुसेयो' हे वाक्य कधीतरी येणारच. आले, की आजी-आजोबांनी जवळ बसावे. गे म्हणजे नग, मारी म्हणजे काय, म्यॉंग म्हणजे काय, ते नातवंडांकडून शिकून घ्यावे. आणि बदल्यात त्यांना विचारावे, केळ्यांची काय असते? लसणाचा काय असतो? आणि आज रात्री पाने किती घ्यायची, आपण कितीजण जेवायला आहोत?